कारकुनाच्या खांद्यावरून

बुधवार, 21 फेब्रुवारी 1431. सकाळचे आठ वाजलेत. रूआंच्या किल्ल्यातल्या राजाच्या प्रार्थनागृहात तुम्ही गियोम मांशों नावाच्या कारकुनाच्या मागे उभे आहात. अंगात काळा, मळका झगा. एका हातात दौत, दुसऱ्या हातात पिसांच्या लेखण्या. एवढं वेषांतर पुरे. दौत धरणाऱ्या माणसाकडे बघायची पद्धत कुठल्याच शतकात नाही. भाषेचीही काळजी करू नका, ती सोय या प्रवासात धरलेली आहे. फक्त तोंड उघडू नका.

समोरच्या बाकांवर चाळीसेक विद्वान दाटीवाटीनं बसलेत: धर्मगुरू, मठाधिपती, कायदेपंडित, धर्मशास्त्री. मधल्या आसनावर बोव्हेचा बिशप पिएर कोशों. नऊ वर्षांचा इंग्लंडचा राजा, सहावा हेन्री, सध्या याच शहरात मुक्कामाला आहे. 1420 च्या करारानं फ्रान्सची गादी इंग्लंडच्या घराण्याकडे जायची ठरली, आणि 1422 मध्ये दोन्हीकडचे राजे दोन महिन्यांच्या आत वारले. इंग्रज आणि त्यांना मिळालेले बर्गंडीवाले म्हणतात, फ्रान्सचा खरा राजा हा पोरगा. लुआर नदीच्या पलीकडे बसलेला शार्ल म्हणतो, मी. दीडेक वर्षापूर्वी त्या शार्लला रँसच्या कॅथेड्रलपर्यंत नेऊन ज्या मुलीनं त्याच्या डोक्यावर मुकुट चढवून घेतला, तिला इंग्रजांनी 10,000 लिव्हर मोजून विकत घेतलं आहे.

ती आत येते. अंगात पुरुषांचे कपडे, केस कानांच्या वर गोल कापलेले. वय विचारलं की ती सांगते, एकोणीसच्या आसपास असेल, मला वाटतं.

जोन ऑफ आर्क म्हणून तुम्ही हिला ओळखता, आणि संत म्हणूनही. ते दुसरं या खोलीत विसरा. 16 मे 1920 रोजी पोप पंधरावा बेनेडिक्ट तिला रोममध्ये संत जाहीर करील. त्याला अजून 489 वर्षं अवकाश आहे. आणि तेव्हासुद्धा चर्च तिला हुतात्मा म्हणणार नाही, कुमारी संतांच्या यादीत घालील. साहजिकच आहे. तिला मरणाकडे धाडणारं न्यायपीठ चर्चचंच होतं, मग हुतात्मा म्हणायचं तर मारेकरी कोणाला म्हणायचं? आत्ता मात्र या बाकांवर तिच्यासाठी वेगळाच शब्द तयार आहे: पाखंडी.

पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. शपथ घे, विचारू ते सगळं खरं सांगेन म्हणून. ती म्हणते, तुम्ही काय विचारणार ते मला ठाऊक नाही. आईवडिलांबद्दल सांगेन, राजाबद्दलचं सांगणार नाही, मान कापली तरी नाही. बाकांवर कालवा होतो. एक बोलतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. असं पुढेही रोज होणार आहे आणि ती त्यांना सांगणार आहे, महाराज, एकेकानं बोला. मांशोंची लेखणी थबकते. कोणाचं लिहायचं? पुढे काही दिवस तुमची नजर तिच्यापेक्षा या माणसाच्या कागदावर ठेवा असं मी सुचवीन, कारण तुमच्या-आमच्यापर्यंत जे पोचणार आहे ते या कागदावरून.

नाव काय? गावात झानेत म्हणत, इकडे आल्यापासून झान म्हणतात. गाव? दोंरेमी.

आणि तुम्ही दोंरेमीत आहात. 1425 च्या सुमाराचा उन्हाळा, भर दुपार. म्यूज नदी शांत वाहते आहे, पलीकडे कुरणं, टेकडीवर ओकचं रान. घर दगडी आणि चर्चला अगदी लागून. बाप झाक द आर्क शेतकरी, गावकीत वजन असलेला, कर गोळा करणाऱ्यांतला. आई इझाबेल रोमे. लिहायला-वाचायला मुलीला कोणी शिकवलेलं नाही. जपायच्या प्रार्थना आईनं तोंडी शिकवल्या. सूत कातायला आणि शिवायलाही आईनंच. त्याचा तिला केवढा अभिमान! रूआंत सहा वर्षांनी ती छाती पुढे काढून सांगेल की कातण्या-शिवण्यात इथल्या कुठल्याही बाईला मी हार जाणार नाही. समोर चाळीसेक पंडित, प्रश्न धर्माचा, आणि ही सुताची गोष्ट सांगते आहे.

गाव शार्लच्या बाजूचं. नदीपलीकडचं माक्से हे गाव बर्गंडीवाल्यांचं. दोन्हीकडची पोरं एकमेकांना दगडांनी बडवतात आणि रक्तबंबाळ होऊन घरी येतात. दोंरेमीत बर्गंडीच्या बाजूचा अवघा एक माणूस आहे, हे तिनंच सांगितलेलं. आणि त्याचं डोकं उडालेलं मला बघायला आवडलं असतं, देवाची इच्छा असती तर, हेही तिनंच. संत शोधायला आलेल्या प्रवाशानं हे वाक्य झाकू नये. तेरा-चौदा वर्षांची मुलगी गुरं सांभाळता सांभाळता राजकारण शिकते ते असं: आज कोणाची गुरं पळवली, काल कोणाचं गाव जाळलं.

आता परसाच्या कुंपणाला टेका. माध्यान्ह झाली आहे. ती परसात उभी आहे. अचानक ती उजवीकडे, चर्चच्या दिशेला, मान वळवते.

तुम्हाला काही दिसलं? काही ऐकू आलं? नाही ना. मलाही नाही. पुढे ती सांगेल की त्या बाजूनं आवाज आला, आवाजाबरोबर उजेड होता, आणि पहिल्या वेळी ती फार घाबरली. आवाज संत मायकेलचा, नंतर संत कॅथरिनचा आणि संत मार्गारेटचा. गेल्या शे-दीडशे वर्षांत डॉक्टरांनी या परसात बरीच निदानं करून ठेवली आहेत: अपस्मार, स्किझोफ्रेनिया, मेंदूतली क्षयाची गाठ. रोगी समोर नसताना एवढी खात्री मला तरी उसनी घेता येत नाही. कुंपणावरून दिसतं ते एवढंच, की तेरा वर्षांच्या पोरीनं मान वळवली आणि ही गोष्ट पुढची तीन-चार वर्षं गावातल्या कोणालाही कळू दिली नाही. आईलाही नाही, गावच्या धर्मगुरूलाही नाही.

बापाला मात्र कसली तरी चाहूल लागते. त्याला स्वप्न पडतं की मुलगी शिपायांबरोबर निघून गेली. शिपायांबरोबर जाणारी मुलगी म्हणजे काय, हे त्या काळातल्या बापाला दुसऱ्यानं समजावून सांगायला नको. तो मुलांना सांगतो, असं होणार असेल तर तिला पाण्यात बुडवा. तुम्ही नाही बुडवलीत तर मी बुडवीन. आईच्या तोंडून हे तिच्या कानावर येतं. मग घरचे तिचं लग्न ठरवायला बघतात. एक तरुण तूलच्या धर्मन्यायालयात दावा लावतो की हिनं मला वचन दिलं होतं. ती तिथे जाते, शपथेवर सांगते की मी कोणाला वचन दिलेलं नाही, आणि दावा जिंकून परत येते. हे तिचं पहिलं कोर्ट. रूआंच्या पंडितांनी हे जरा लक्षात घ्यायला हवं होतं.

मांशोंनं पान उलटलं. प्रश्न: पुरुषाचा वेष कोणाच्या सांगण्यावरून?

व्होकुलर, 1429 चा जानेवारी संपत आलेला. थंडी हाडात शिरते आहे. ती नात्यातल्या एका बहिणीच्या नवऱ्याच्या घरी बाळंतिणीच्या मदतीला म्हणून आली होती. त्याचं नाव द्युराँ लासार. वयानं बराच मोठा, म्हणून ती त्याला काका म्हणते. या काकाचा मला फार लोभ आहे. त्याला घेऊन ती आधीच किल्लेदार रोबेर द बोद्रिकूरकडे जाऊन आली. राजाकडे पोचवा म्हणाली. किल्लेदारानं काकाला सल्ला दिला की हिच्या दोन थोबाडीत देऊन बापाकडे पोचती कर. काकानं थोबाडीत दिल्या नाहीत आणि तिला पुन्हा घेऊन आला.

आता ती गावातल्या एका चाकं बनवणाऱ्याच्या घरी उतरली आहे आणि घरच्या बाईबरोबर सूत कातत बसली आहे. दिवस भरलेल्या बाईला जसा एकेक दिवस जड जातो तसा हिला जात होता, असं ती घरधनीण पुढे सांगेल. झान द मेस नावाचा एक शिलेदार दारात थबकतो आणि थट्टेच्या सुरात विचारतो, काय पोरी, इथे काय करतेस? ती सांगते ते त्याला सत्तावीस वर्षांनंतरही जसंच्या तसं आठवेल: गुडघ्यांपर्यंत पाय झिजले तरी मला राजाकडे जायचं आहे, खरं तर आईजवळ बसून सूत कातायला मला जास्त आवडलं असतं, पण हे काम माझं आहे. कधी निघायचं, तो विचारतो. उद्यापेक्षा आज बरं, ती म्हणते. थट्टा विरते. तो आपल्या नोकराचे कपडे तिला देतो. गावकरी वर्गणी काढून घोडा घेतात. काकाच्या आठवणीप्रमाणे 12 फ्रँकला.

त्या वेषाबद्दल रूआंत महिनोन् महिने खल होणार आहे. इथे, व्होकुलरच्या दारात, त्याचं कारण अंगाला झोंबतं आहे. अकरा दिवसांचा रस्ता, बराचसा शत्रूच्या मुलखातून, पुष्कळदा रात्रीचा. बरोबर सहा पुरुष. झगा घालून घोड्यावर बसायचं, नद्या ओलांडायच्या आणि पुरुषांमध्ये झोपायचं? मुक्कामाला ती झान द मेस आणि बेर्त्रां द पुलांजी या दोघांच्या मधे झोपते, कपडे अंगावर घट्ट आवळून बांधलेले. दोघेही पुढे शपथेवर सांगतील की आमच्या मनात तिच्याबद्दल कधी वाईट आलं नाही. दोघांच्या बोलण्यात याचं आश्चर्य लपत नाही.

शिनोंच्या दरबाराची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल: राजा दरबाऱ्यांत मिसळून उभा होता आणि तिनं त्याला बरोबर ओळखलं. तिथे थांबायला नको; ती गोष्ट सांगणाऱ्यांनी पुरेशी सजवली आहे. पॉइतिएला थांबायला हवं होतं. तिथे शार्लच्या पंडितांनी तिची तीनेक आठवडे परीक्षा घेतली. लिमुझँच्या ठसक्यात बोलणाऱ्या एका धर्मपंडितानं विचारलं, तुझे आवाज कुठली भाषा बोलतात? तुमच्यापेक्षा बरी, ती म्हणाली. हे त्यानं स्वतःच पुढे साक्षीत सांगितलं, म्हणून त्याच्याबद्दल आदर वाटतो. पण त्या परीक्षेची वही हरवली आहे. तिच्या बाजूच्या लोकांनी तिचं जे लिहून घेतलं ते गेलं. तिच्या वैऱ्यांनी लिहून घेतलं ते राहिलं. तेव्हा दौत नीट धरा.

प्रश्न: तुला जास्त काय आवडे, निशाण की तलवार?

29 एप्रिल 1429, संध्याकाळ, ऑर्लेआं. शहराला ऑक्टोबरपासून इंग्रजांचा वेढा आहे. पूर्वेच्या बर्गंडी दरवाज्याशी तुम्ही चेंगरून निघता. मशाली, घामाचा वास, कडेवरची पोरं. ती पांढऱ्या घोड्यावरून आत येते. तूरमध्ये तिच्यासाठी 100 लिव्हरचं चिलखत घडवलं गेलं, 25 लिव्हर देऊन निशाण रंगवून घेतलं. लोक घोड्याला हात लावायला धडपडतात. त्या धक्काबुक्कीत कोणाची तरी मशाल तिच्या छोट्या निशाणाला लागते आणि ते पेट घेतं. ती टाच मारते, घोडा गर्रकन वळवते आणि आग विझवते. अनेक वर्षं घोड्यावर काढलेल्या शिपायासारखं, असं तिथला बखरकार लिहितो. खेड्यात वाढलेल्या मुलीला हे कुठून आलं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

तुम्ही तिला लढताना बघायला आला आहात. मग एक लक्षात घ्या. तलवार आवडते, पण निशाण चाळीस पटीनं जास्त आवडतं, असं ती रूआंत सांगेल. निशाण हातात ठेवायचं म्हणजे कोणाला मारावं लागत नाही. मी कोणालाही मारलेलं नाही, असंही. तिचं काम काय, हे लढाईत उभं राहिल्यावरच कळतं. ती सेनापती नाही. सरदार तिला मसलतींना नेहमी बोलवतही नाहीत. पण सात महिने भिंतीआड बसलेली माणसं तिच्या मागून भिंतीबाहेर पडतात. 4 मे रोजी दुपारी ती जरा आडवी झालेली असते, दचकून उठते आणि खाली आपल्या पोरसवदा हुजऱ्यावर खेकसते, की अरे दुष्टा, फ्रान्सचं रक्त सांडतंय आणि मला सांगितलं नाहीस! तो वर पळतो. ती घोड्यावर बसते, निशाण खिडकीतून खाली घेते आणि दगडी रस्त्यावर ठिणग्या उडवत निघून जाते. संध्याकाळपर्यंत सँ-लूचा बुरूज पडलेला असतो.

शनिवार, 7 मे. नदीच्या दक्षिण टोकाला पुलावरचा तुरेलचा जोडबुरूज इंग्रजांच्या हातात आहे. सकाळी ती ज्या खजिनदाराच्या घरी उतरली आहे तिथे कोणीतरी ताजा मासा आणून देतं. घरचे म्हणतात, जाण्याआधी खाऊन घ्या. ती म्हणते, रात्रीसाठी ठेवा. मी पुलावरून परत येईन आणि जेवायला एक इंग्रजही धरून आणीन. पूल मधे तुटलेला आहे हे सगळ्या शहराला माहीत आहे.

दुपारी शिडीशी उभी असताना तिला बाण लागतो, मानेच्या आणि खांद्याच्या मधे. ती रडते. हो, रडते, तिच्या धर्मगुरूनं हे लपवलं नाही, आपणही लपवू नये. शिपाई मंतरून देऊ का म्हणतात. ती नको म्हणते, ते पाप आहे. ऑलिव्हचं तेल आणि डुकराची चरबी लावून जखम बांधतात. सूर्य कलतो. सरदार द्युन्वा माघारीचं बोलायला लागतो. ती त्याला थोडं थांबायला सांगते, घोड्यावरून एका द्राक्षमळ्यात जाते आणि मोजकी मिनिटं एकटीच प्रार्थना करते. परत येते तेव्हा तिचं निशाण दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात खंदकाशी पोचलेलं असतं. ती ते धरायला धावते. लोकांना वाटतं ही इशारा करते आहे, आणि सगळे एकदम तटावर तुटून पडतात. अशी लढाई जिंकली जाते. इतिहासाच्या पुस्तकातल्या नकाशांवर हे दाखवायची सोय नाही.

आदल्या दिवसांत तिला शिव्या घालणारा इंग्रज सरदार ग्लासडेल चिलखतासकट नदीत कोसळून बुडतो. ती पुन्हा रडते, या वेळी त्याच्यासाठी. रात्री तुटलेल्या पुलावर फळ्या टाकून ती सकाळच्या शब्दाप्रमाणे परत येते. जेवण म्हणून पाणी घातलेल्या द्राक्षमद्यात भिजवलेल्या पावाच्या चार-पाच फोडी खाते. माशाचं काय झालं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी इंग्रज वेढा उठवून निघून जातात. रविवार आहे म्हणून ती पाठलाग करू देत नाही.

बातमी पॅरिसला पोचते. तिथे, इंग्रजांच्या राज्यात, वरिष्ठ न्यायालयाचा एक कारकून 10 मेच्या नोंदीशेजारी समासात एक छोटं चित्र काढतो: लांब केस, झगा, एका हातात निशाण, दुसरा हात तलवारीवर. त्यानं तिला पाहिलेलं नाही, म्हणून केस आणि झगा दोन्ही चुकले. तिच्या हयातीत काढलेलं आज उपलब्ध असं चित्र हेच. पुन्हा कारकूनच!

पुढचं भरभर जातं. 18 जूनला पातेला इंग्रज फौज मोडते. 17 जुलैला रँसमध्ये शार्लला राज्याभिषेक होतो, ती निशाण घेऊन शेजारी उभी असते. रूआंत विचारतील, तुझंच निशाण का तिथे? त्यानं कष्ट सोसले होते, मग मानही त्याचाच, ती म्हणेल. गर्दीत तिचा बाप आहे, तोच, बुडवीन म्हणणारा. ‘पट्ट्यापट्ट्यांचं गाढव’ नावाच्या खाणावळीत तो उतरला आहे आणि बिल शहर भरणार आहे. महिनाअखेरीस राजा दोंरेमीला करमाफी देतो. या मुलीनं राजाकडून काय मिळवलं याचा शोध घेताना गावाच्या कराचा विचार आधी करावा. बाप करच गोळा करत असे.

सप्टेंबरात पॅरिसच्या तटाखाली मांडीत बाण लागतो आणि राजा माघार घ्यायला लावतो. 23 मे 1430 रोजी कोंपिएनच्या दरवाज्याबाहेर ती मागे राहते, पूल वर ओढला जातो, एक तिरंदाज तिच्या जरीच्या अंगरख्याला धरून तिला घोड्यावरून खाली खेचतो. कैदेत असताना बोर्व्हारच्या मनोऱ्यावरून ती उडी मारते आणि वाचते. शार्ल तिच्यासाठी दमडीही देऊ करत नाही. त्याबद्दल त्याला माफ करणारे इतिहासकार आहेत. मी त्यांतला नाही.

परत रूआं. मार्च उजाडलाय. तुमच्या हातावर शाई वाळली आहे. तिला लाकडाच्या मोठ्या ओंडक्याला साखळदंडानं बांधतात. इंग्रज पहारेकरी खोलीतच झोपतात. सकाळी ती त्या खोलीतून येते आणि असं बोलते. संत मायकेल दिसला तेव्हा नागडा होता का? देवाकडे त्याला कपडे घालायला नाहीत असं वाटतं तुम्हाला? संत मार्गारेट इंग्रजी बोलते का? इंग्रजांच्या बाजूची नसताना ती इंग्रजी का बोलेल? आणि 24 फेब्रुवारीचा तो सापळा: तुझ्यावर देवाची कृपा आहे असं तुला ठाऊक आहे का? आहे म्हटलं तर अहंकार, कारण ते माणसाला कळत नाही अशी चर्चची शिकवण. नाही म्हटलं तर पापाची कबुली. नसेल तर देव ती देवो, असेल तर राखो, ती म्हणते. विचारणारे थक्क झाले, हे दुसरा कारकून ब्वागियोम पुढे सांगेल.

याच ब्वागियोमला ती एकदा सुनावते. एक प्रश्न पुन्हा विचारला जातो. ती म्हणते, याचं उत्तर मी आठ दिवसांपूर्वी दिलंय, बघा तुमच्या वहीत. बघतात तर खरंच. ती त्याला म्हणते, पुन्हा चुकलास तर कान उपटीन. बेडीतली मुलगी! एरवी मात्र ती म्हणते, माझ्याविरुद्धचं तेवढं लिहिता, माझ्या बाजूचं लिहीत नाही. मांशोंवर दडपण आहे. पडद्याआड इंग्रजांनी बसवलेले दोघे आपलं वेगळंच काही लिहीत आहेत. जेवणानंतर दोन्ही टिपणं जुळत नाहीत, वाद होतो. मांशों जिथे शंका आहे तिथे खूण करतो आणि उद्या पुन्हा विचारू म्हणतो. तो शूर नाही. कोशोंला घाबरतो, पगार घेतो. पण ऐकलं नाही ते लिहीत नाही, आणि या खोलीत एवढंसुद्धा करणारे थोडेच आहेत.

24 मे रोजी सँ-त्वांच्या स्मशानात, जाळण्याची भीती घालून, तिच्याकडून माघारीची कबुली घेतात. तिला वाचून दाखवलेला कागद सहा-आठ ओळींचा होता असं तिथे हजर असलेले सांगतात. अधिकृत दप्तरात लागला तो कितीतरी लांब आहे. तिच्या बेड्या काढायचं, तिला चर्चच्या कोठडीत बायकांमध्ये ठेवायचं ठरलेलं. कोशों तिला त्याच इंग्रजांकडे परत पाठवतो. चार दिवसांनी ती पुन्हा पुरुषी वेषात असते. 28 मेला कोशों कोठडीत विचारतो, आवाज पुन्हा आले का? हो. काय म्हणाले? जीव वाचवायला मी खोटं बोलले हे फार वाईट झालं, असं म्हणाले. समासात त्या उत्तरासमोर लॅटिनमध्ये दोन शब्द पडतात: जीवघेणं उत्तर. दोन वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका समासात ती निशाण घेऊन उभी राहिली होती.

30 मे. व्हिए-मार्शे, जुना बाजारचौक. हा भाग मी तुम्हाला उभं राहून बघायला लावणार नाही. ती क्रूस मागते. एक इंग्रज शिपाई दोन काटक्यांचा बांधून देतो, एक धर्मगुरू जवळच्या चर्चमधला आणून तिच्या डोळ्यांसमोर उंच धरतो. राख सेन नदीत टाकतात, कोणी अवशेष गोळा करू नये म्हणून. अवशेषांची भीती वाटली, म्हणजे पुढे काय होऊ शकतं हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मांशों महिनाभर सावरत नाही. खटल्याच्या मजुरीतून तो एक लहान प्रार्थनापुस्तक विकत घेतो, तिच्यासाठी प्रार्थना करायला.

1449 मध्ये शार्ल रूआं जिंकतो. आता त्याला ती आठवते; पाखंडी मुलीच्या हातून मिळालेला मुकुट कोणाला बरा वाटेल? पण 7 नोव्हेंबर 1455 ला पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये जी म्हातारी काळ्या कपड्यांत पोपचं पत्र आणि अर्ज घेऊन उभी राहते, तिला मुकुटाशी देणंघेणं नाही. ती इझाबेल रोमे. ज्या मुलीला ख्रिस्ती म्हणून वाढवलं ती पाखंडी नव्हती, एवढंच तिचं म्हणणं. मांशों आपली मूळ फ्रेंच टिपणं न्यायाधीशांच्या हवाली करतो. 7 जुलै 1456 रोजी रूआंत जुना निकाल रद्द ठरतो आणि आरोपांचा कागद फाडला जातो.

त्याआधी, त्याच वर्षाच्या जानेवारीअखेर, तुम्ही दोंरेमीत या. कडाक्याची थंडी. चौकशी अधिकारी बसलेत, तीसच्या वर साक्षीदार या भागात तपासायचे आहेत. चेटकाचं झाड होतं का, ती तिथे नाचायची का, आईबापांचं ऐकायची का? बालमैत्रीण ओव्हिएत आता पंचेचाळिशीची. सांगते, मी तिच्या घरी झोपायला जायची. ती निघून गेली तेव्हा मला न सांगता गेली आणि मी फार रडले. सिमोनँ म्हणतो, मी लहानपणी आजारी पडायचो, ती येऊन धीर द्यायची. कोणी म्हणतो ती आपली खाट भिकाऱ्यांना द्यायची आणि स्वतः चुलीपाशी झोपायची. कोणी म्हणतो आम्ही तिच्या देवभक्तीची टिंगल करायचो. चमत्कार कोणी सांगत नाही. तिनं राजाला गादी मिळवून दिली, हे माहीत असून त्यांना आठवतं ते नांगर, लोकर आणि शनिवारची बेरमोंच्या देवळाची वाट.

मग चर्चची व्यवस्था बघणारा पेरँ द्रापिए येतो. साठीचा झाला आहे. तो सांगतो, सायंप्रार्थनेची घंटा मी कधी कधी वाजवायला चुकायचो. झानेत येऊन मला रागवायची, हे बरं नव्हे म्हणायची, आणि वेळेवर वाजवलीस तर लोकर देईन म्हणायची. अधिकारी मान हलवतात, कारकून ते लॅटिनमध्ये उतरवतो. पेरँनं पुढे घंटा वेळेवर वाजवली का, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.